ब्रिसलनोज पाळताय? नर-मादी, खाणं आणि पिल्लं: या चुका टाळा

माझ्या ब्रिसलनोजची, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खरवडणाऱ्या मिशीवाल्या माशांची, पहिली 'जोडी' चौदा महिने एकाच टाकीत सुखाने नांदली. गुहा होती, लाकूड होतं, दर आठवड्याला पाणी बदलत होतो. अंड्यांचा मात्र पत्ता नव्हता. मी तापमान खालीवर करून पाहिलं, गुहा बदलल्या, एकदा तर अख्खी टाकी दुसऱ्या खोलीत हलवली. शेवटी एका रात्री टॉर्च मारला, दोघं काचेवर शेजारी शेजारी चिकटलेले दिसले आणि माझी ट्यूब पेटली. दोघीही माद्या होत्या.

या माशाच्या बाबतीत बहुतेक घोटाळे असेच होतात. तो दिवसभर लाकडाखाली दडी मारून बसतो, आपण त्याला दिवसाच बघतो, आणि 'काही मागत नाही, काच साफ करतो, गुणी आहे' असं म्हणून मोकळे होतो. त्याचं खाणं, भांडण, संसार, बाळंतपण हे सगळं दिवा मालवल्यावर सुरू होतं. म्हणून आधी एक काम करा: टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद चिकटवून ठेवा. लाल उजेडाला हे मासे फारसे बुजत नाहीत. खाली सांगितलेल्यातलं निम्मं त्या टॉर्चशिवाय दिसायचं नाही.

चूक पहिली: मासाच भलता

'सकर' म्हणून मिळणारं प्रत्येक पिल्लू ब्रिसलनोज नसतं. टेरिगोप्लिक्थिस जातीचा साधा सकर लहानपणी तितकाच गोंडस दिसतो आणि पुढे फूट-दीड फूट वाढतो. ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस, दहा ते तेरा सेंटिमीटरवर थांबतो. साध्या सकरच्या पाठीवरचा पर शिडासारखा उंच आणि लांबलचक असतो, त्यात दहाच्या आसपास किंवा त्याहून जास्त किरण, म्हणजे पराला ताठ ठेवणाऱ्या काड्या, मोजता येतात. ब्रिसलनोजचा पर आखूड असतो, डोकं रुंद आणि चपटं. शिवाय त्याच्या मुस्काटाच्या पुढच्या कडेला हाडांच्या पट्ट्या नसतात, तिथली कातडी मऊ आणि उघडी असते. मिशा फुटतात त्या याच जागेवर.

मिशी बघून घाईने नाव ठेवणं

'मिशी आहे तो नर' हा नियम खरा आहे, पण अर्धाच. माझी चौदा महिन्यांची फसगत त्या उरलेल्या अर्ध्यापायी झाली.

पहिली गोष्ट वयाची. पाच सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लाकडे बघून नर की मादी हे कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. त्या वयात सगळेच बिनमिशीचे असतात. पाच ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान, साधारण सहा-आठ महिन्यांच्या सुमारास नराला मिशा फुटू लागतात. त्याआधी घेतलेली 'खात्रीची जोडी' म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ही जास्त महत्त्वाची. वयात आलेल्या मादीलाही मिशा येऊ शकतात. त्या मुस्काटाच्या अगदी कडेला, एका ओळीत, आखूड टोचणीएवढ्या असतात. माझ्या दोघींपैकी थोरलीला अशी ओळ होती आणि मी तिला नर समजून बसलो होतो. नराच्या मिशा कडेवर थांबत नाहीत. त्या दोन डोळ्यांच्या मधून कपाळावर चढतात, जाड आणि मांसल होतात आणि टोकाला फांद्या फुटल्यासारख्या दुभंगतात. तेव्हा मिशी किती लांब आहे हे बघू नका, कुठे उगवली आहे ते बघा. कपाळावर असेल तर नर. फक्त ओठाच्या वरच्या कडेला असेल तर बहुधा मादी, नाहीतर कोवळा नर.

'नाहीतर' म्हणायचं कारण तिसरी गोष्ट. एकाच टाकीत एक दांडगा नर असेल तर दुसऱ्या नराच्या मिशा पुष्कळदा खुरट्याच राहतात. दबून राहिलेला हा नर मादीसारखाच दिसतो. त्याला वेगळ्या टाकीत ठेवा, काही आठवड्यांत कपाळावर रान माजायला लागतं. अशा 'मादी'ला पाहून आपणच तोंडात बोट घालतो.

मिशीवर विश्वास बसत नसेल तर वरून बघा. काचेतून बाजूने बघून काही कळत नाही. टाकीच्या वर उभं राहून पाहिलं की मादी छातीच्या परांच्या मागे फुगलेली दिसते, अंड्यांनी भरलेली असेल तर पेअर फळासारखी. नराचं डोकं रुंद असतं आणि तिथून शेपटीपर्यंत अंग निमुळतं होत जातं. गालावरचे काटेही नराचे जास्त लांब असतात; मासा चिडला की ते छत्रीच्या काड्यांसारखे बाहेर फाकतात.

निसर्गाने ही मिशी नरालाच का दिली यावर एक मजेदार तर्क आहे. १९९९ साली साबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तीन मत्स्यशास्त्रज्ञांनी असं मांडलं की नराच्या तोंडावरच्या या मांसल दशा मादीला पिल्लांसारख्या भासत असाव्यात. ज्याच्या गुहेत आधीच पिल्लं आहेत तो बाप भरवशाचा, असं मादी मानते, आणि नर चेहऱ्यावरच खोटी पिल्लं मिरवतो! तर्क पटो न पटो, टाकीत मादी गुहेच्या तोंडाशी घुटमळायला लागली की मला हे हमखास आठवतं.

तर मग जोडी मिळवायची कशी? सोपा मार्ग म्हणजे पाच-सहा लहान पिल्लं एकदम घेऊन वाढवणं. नर-मादीचं प्रमाण सारखं धरलं तर दोनच पिल्लं घेतल्यावर दोन्ही एकाच लिंगाची निघायची शक्यता निम्मी असते. सहा घेतली तर ती बत्तिसात एक होते. मोठी झाली की एक नर आणि दोन माद्या ठेवा, बाकीच्यांना दुसरी घरं शोधा. आणि शक्य असेल तर पिल्लं दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. एकाच घोसातली भावंडं पिढ्यानपिढ्या आपसात लावत गेलं की आखूड अंगाची, वाकड्या कण्याची पिल्लं निघायला लागतात.

'शेवाळ खातो की, वेगळं खाणं कशाला?'

या एका वाक्याने जितके ब्रिसलनोज मेले असतील तितके रोगाने मेले नसतील. नव्या, लखलखीत टाकीत शेवाळ असतंच किती? एक मोठा ब्रिसलनोज मध्यम टाकीतली मऊ हिरवी साय आणि काचेवरचा तपकिरी थर आठवड्याभरात फस्त करतो. पुढे काय? आणि तो सगळंच शेवाळ खातो असंही नाही. पानांच्या कडेला येणारं काळं दाढीसारखं शेवाळ आणि निळसर हिरवा बुळबुळीत थर या दोन्हींना तो तोंड लावत नाही. ते घालवण्यासाठी आणला असेल तर पदरी निराशाच.

तो भुकेला आहे की नाही हे ओळखायला फक्त काच लागते. मासा काचेला चिकटला की त्याचं पोट आपल्या समोर येतं. भरलेलं पोट सपाट किंवा किंचित गोलसर दिसतं. छातीच्या मागे वाटीसारखा खड्डा दिसला तर तो उपाशी आहे. डोळेही आत गेले असतील तर फार दिवसांपासून उपाशी आहे. नवा मासा निवडताना मी सर्वांत आधी पोट बघतो, रंग मागाहून.

खायला अल्जी वेफर (शेवाळखाऊ माशांसाठीच्या तयार चकत्या) हवेतच, पण त्यांच्या बरोबरीने भाजी हवी. झुकिनी, लाल भोपळा, पालक, सोललेले मटार, रताळं हे सगळं चालतं. काकडी आवडीने खातात, पण तिच्यात बहुतांश पाणीच असतं, म्हणून ती चवीपुरती. भाजीची अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं टाका, गार करा आणि स्टीलचा काटाचमचा खुपसून तळाशी सोडा. नुसती टाकली तर ती तरंगते आणि मासा खाली वाट बघत बसतो. झुकिनीची चकती सकाळी बाहेर काढली तर तिच्यात मधला गर नाहीसा होऊन फक्त सालीचं कडं उरलेलं असतं, अगदी बांगडीसारखं. असं कडं मिळालं की रात्रीचं जेवण पोहोचलं समजा. चकती जशीच्या तशी मिळाली तर काहीतरी बिघडलंय.

इथे आणखी एक हमखास होणारी चूक: खाणं संध्याकाळी, दिवा चालू असताना टाकणं. वेफर तळाला टेकायच्या आत मॉली आणि टेट्रा हे टाकीतले दुसरे मासे त्याचे लचके तोडतात, आपण समजतो ब्रिसलनोजने खाल्लं. दिवा बंद केल्यावर अर्ध्या तासाने टाका. त्या वेळी बाकीचे सुस्तावलेले असतात आणि हा बाहेर पडलेला असतो.

दुसरं टोकही असतं. रोज गोठवलेले किडे आणि मांसाहारी गोळ्या खाऊ घालणारेही भेटतात. ब्रिसलनोजचं आतडं लांब आणि वेटोळ्यांचं आहे, वनस्पती पचवायला बनलेलं. जड खाण्याने पोट फुगतं आणि एकदा ते नीट फुगलं की मासा क्वचितच वाचतो. आठवड्यातून एक-दोनदा थोडं प्रथिनयुक्त खाणं पुरेसं. मादीला अंड्यांसाठी तयार करायचं असेल तर तीन वेळा, त्याहून जास्त नाही.

लाकडाबद्दल एक गैरसमज आहे. ड्रिफ्टवुड ठेवा, जरूर ठेवा, पण ते त्याचं जेवण नव्हे. तो लाकूड खरवडतो ते वरच्या सूक्ष्म जीवांच्या थरासाठी. 'लाकूड आहे, उपाशी राहणार नाही' हा हिशेब चुकीचा आहे. आणि हो, जो मासा आपण टाकी साफ करायला आणतो तोच सर्वांत जास्त विष्ठा करतो. तळाला पडलेल्या त्या तपकिरी शेवया बघून नवखा माणूस घाबरतो. त्या काढणं हे आपलं काम.

पाण्याकडे काणाडोळा

हे थोडक्यात आटपतो, कारण नियम इतर माशांचेच आहेत. टाकी किमान ७५ ते १०० लिटर, तापमान २३ ते २७ अंश, पीएच ६.५ ते ७.५, अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात साचणारी विषं) शून्य. नव्या टाकीत ही विषं संपवणारे फिल्टरमधले जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. 'सकरपासून सुरुवात करू, तो चिवट आहे' असं म्हणून पहिल्याच दिवशी त्याला सोडू नका. शेवाळही नाही आणि जिवाणूही नाहीत, म्हणजे उपासमार आणि विषबाधा दोन्ही एकदम.

एक खूण मात्र नीट लक्षात ठेवा. ब्रिसलनोज मधूनच तीरासारखा वर जातो, पृष्ठभागावरून हवेचा घोट घेतो आणि खाली परततो. हा मासा गरज पडली तर हवा गिळून पोटातून तिच्यातला ऑक्सिजन घेऊ शकतो. कधीतरी केलं तर चिंता नको. पण दर काही मिनिटांनी करत असेल तर पाण्यात ऑक्सिजन कमी पडतोय. पाणी तापलं की हे होतं: २५ अंशाला पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, ३० अंशाला ७.६ च्या आसपास. दाट वनस्पतींच्या टाकीत रात्री झाडंही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे हे जास्त दिसतं. एअर पंप रात्री आवाज करतो म्हणून बंद करणाऱ्यांनी पहाटे पाचला एकदा टॉर्च मारून बघावं.

गुहा प्रशस्त दिली की नर खूश, हा समज

आपण माणसाच्या हिशेबाने विचार करतो. ब्रिसलनोजच्या नराला ऐसपैस घर नको असतं. त्याला अशी जागा हवी असते जिथे तो एकटा तोंडाशी बसला की दार बंद होईल. पोकळी रुंद असली तर त्याच्या बाजूने दुसरे मासे आत घुसतात, अंड्यांना परांनी वारा घालताना पाणी नीट फिरत नाही आणि तो वैतागून अंडी बाहेर लोटतो.

माझ्या ११ सेंटिमीटरच्या नराने आजवर जी गुहा निवडली ती आतून १४ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटरपेक्षा थोडी कमी उंच आहे. शेजारी ठेवलेली मोठी, देखणी गुहा त्याने ढुंकून पाहिली नाही. एक टोक बंद हवं. दोन्ही बाजूंनी उघडा पाइप ठेवून महिनोन्महिने वाट बघणारे लोक मला भेटलेत. एका टोकाला चपटा दगड टेकवला आणि काम झालं. मातीची, पाटीच्या दगडाची किंवा पीव्हीसी पाइपची, काहीही चालते. कड धारदार नको. तोंड फिल्टरच्या थेट झोताकडे नको.

नरांची संख्या दोन असेल तर गुहा तीन-चार हव्यात आणि त्यांची तोंडं एकमेकांसमोर नकोत. छोट्या टाकीत मात्र दुसरा नर ठेवूच नये. हे मासे एरवी शांत असतात, पण गुहेवरून दोन नर भिडले की गालाचे काटे फाकवून एकमेकांना ढकलतात, पर फाटतात, आणि हरलेल्याला लपायला जागा नसेल तर तो कोपऱ्यात उपाशी मरतो.

अंडीच घालत नाहीत

आधी वरची सगळी यादी तपासा: खरंच नर आणि मादी आहेत का, वर्षभराचे झालेत का, मादी वरून गोल दिसते का, गुहा घट्ट आहे का. सगळं ठीक असेल तर पावसाची नक्कल करा. दोन आठवडे भाजीबरोबर थोडं प्रथिन द्या, मग एका संध्याकाळी ४० टक्के पाणी बदला आणि नवं पाणी क्लोरीन काढलेलं पण टाकीपेक्षा तीन-चार अंशांनी गार घाला. दोन-तीन दिवसांनी पुन्हा. माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या बदलानंतर नर गुहेत तोंडाने घासायला लागतो. तो आतून कचरा बाहेर फेकतो, अर्धा बाहेर येऊन शेपटी हलवतो. ही साफसफाई दिसली की हात आखडता घ्या आणि काहीही हलवू नका.

पुढे मादी आत जाते आणि नर तिच्या मागून दार अडवून बसतो. हे एक-दोन दिवसही चालतं. पहिल्यांदा बघणारा घाबरतो आणि गुहा उलटी करून मादीला 'सोडवतो'. सोडवू नका. बाहेर आल्यावर तिचे पर थोडे फाटलेले दिसतील, ते भरून येतात.

नराने अंडी बाहेर फेकली

अंडी साधारण तीन मिलिमीटरची, नारिंगी, एकमेकांना चिकटलेल्या घोसात असतात. संख्या वीसपासून दोनशेपर्यंत असू शकते, बऱ्याचदा पन्नास ते शंभर. अंडी घातली की मादीचं काम संपतं, बाप पोटाखाली घोस धरून छातीच्या परांनी सतत वारा घालतो. पहिल्या खेपेला माझ्या उत्साहाला उधाण आलं आणि मी दर दोन तासांनी मोबाइलचा पांढरा टॉर्च गुहेत रोखून फोटो काढत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घोस रेतीवर पडलेला आणि नर पाठ फिरवून बसलेला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

अर्थात दर वेळी दोष आपलाच नसतो. पहिलटकर बाप अडाणी असतो, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुधारतो. अंडी फळलेली नसतील तरी तो ती फेकतो. दोन माद्या असतील तर दुसरी आत घुसण्याच्या धडपडीत पहिलीचा घोस निसटतो.

घोस बाहेर दिसला तर तो पुन्हा गुहेत कोंबू नका, तो परत फेकेल. टाकीच्याच पाण्यात टांगता येईल असा जाळीचा पिल्लांचा डबा घ्या, घोस त्यात ठेवा आणि शेजारी एअर स्टोन लावा. बुडबुडे अंड्यांवर थेट आदळू देऊ नका. पाणी घोसाभोवती हलत राहिलं पाहिजे एवढंच. रोज ड्रॉपरने पांढरी, दुधाळ झालेली अंडी उचलून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. मिथिलीन ब्ल्यू हे बुरशीवरचं निळं औषध वापरायचं असेल तर वेगळ्या भांड्यात, फिकट निळं होण्यापुरतं. मुख्य टाकीत ओतलं तर फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि काचेचे सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात.

जिवंत अंड्याची खूण अशी: दोन-तीन दिवसांनी नारिंगी रंगावर दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते डोळे. २६ अंशाच्या आसपास चार ते सहा दिवसांत अंडी फुटतात. निघतं ते पिल्लू म्हणजे नुसता नारिंगी पिवळ्या बलकाचा गोळा आणि त्याला जोडलेली वळवळणारी शेपटी. बलक संपायला आणखी पाच-सात दिवस लागतात. तोवर त्याला खाणं लागत नाही आणि बापाकडून हिसकावून घ्यायचं कारणही नसतं.

बापाचं पोट या काळात खपाटीला जातं, तो जवळजवळ खातच नाही. पिल्लं बाहेर पडल्यावर लगेच मादी पुन्हा दारात येते. अशा वेळी मी गुहा तीन-चार आठवड्यांसाठी काढून घेतो. नर दोन दिवस जागा शोधत फिरतो, मग भाजीकडे वळतो.

पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मरतात

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. अंडी फुटली, पिल्लं बाहेर आली, आठवडाभर काचेवर काळ्या टाचण्यांसारखी चिकटलेली दिसली आणि मग रोज दोन-चार करत संपली. कारण बहुतेक वेळा एकच असतं: भूक. बलकावर ती पहिला आठवडा काढतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. बलक संपल्यावर या पिल्लांना दिवसातून एकदा-दोनदा नव्हे, चोवीस तास तोंडासमोर खाणं लागतं. मोठ्या माशासारखी ती वेफरपर्यंत पोहत जात नाहीत. जिथे चिकटली तिथेच खरवडतात. तिथे काही नसेल तर मरतात.

माझी दुसरी खेप अशीच गेली. पिल्लांसाठी वेगळी टाकी घासून पुसून आरशासारखी स्वच्छ करून ठेवली होती. स्वच्छ काच म्हणजे रिकामं ताट, हे तेव्हा सुचलं नाही.

आता मी अंडी दिसल्या दिवशीच तयारी सुरू करतो. दहा-बारा गुळगुळीत दगड एका बरणीत टाकीचं पाणी घालून उन्हात ठेवतो. दोन आठवड्यांत त्यांवर हिरवी साय चढते, नेमकी पिल्लं बाहेर यायच्या सुमारास. मग रोज दोन दगड आत आणि दोन परत बरणीत. एक चांगलं मुरलेलं, बुळबुळीत झालेलं लाकूड ठेवतो. झुकिनीची चकती कायम असते, दर बारा तासांनी बदलतो. चकतीवर पन्नास पिल्लं फुलाच्या पाकळ्यांसारखी गोल चिकटलेली बघायला मिळतात. स्पिरुलिनाची (शेवाळासारख्या हिरव्या खाद्याची) पूड थोड्या पाण्यात कालवून दगडावर लेप देऊन वाळवली तर तीही चाटून साफ करतात.

इतकं खाणं म्हणजे तितकीच घाण. पाणी रोज २० ते २५ टक्के बदला, तापमान जुळवून. तळाला रेती नको, उघडी काच बरी, उरलंसुरलं नळीने ओढून काढता येतं. साध्या फिल्टरच्या तोंडात ही पिल्लं सहज ओढली जातात. मी एकदा फिल्टर उघडला तर आत एकोणीस निघाली, त्यातली सतरा जिवंत आणि बाहेरच्यांपेक्षा गुबगुबीत! हसू आलं, पण दर वेळी नशीब असं नसतं. स्पंज फिल्टर लावा. त्यावर साचलेलं खरवडूनही ती पोट भरतात.

पोट बघण्याची युक्ती इथेही चालते. काचेवर चिकटलेल्या पिल्लाचं पोट बाहेरून भिंग लावून बघा. हिरवट तपकिरी ठिपका दिसला तर खातंय. पारदर्शक दिसलं तर त्याच रात्री उपाय करा, सकाळपर्यंत थांबू नका.

रंगांचा गोंधळ

फिकट, लाल डोळ्यांचा अल्बिनो आणि साधा तपकिरी एकत्र लावले आणि सगळी पिल्लं तपकिरी निघाली म्हणून लोक हिरमुसतात. अल्बिनोचा गुण दबून राहणारा असतो. दोन्ही आईबापांकडून मिळाला तरच दिसतो. ही तपकिरी पिल्लं तो आतमध्ये बाळगून असतात. अशी दोन वाढवून लावली तर पुढच्या पिढीत साधारण चौथा हिस्सा अल्बिनो निघेल.

जाळीने पकडणं

कृपा करून नको. घाबरलेला नर गालाचे काटे फाकवतो, ते जाळीत अडकतात, आपण ओढतो आणि एकतर जाळी फाटते नाहीतर गाल. प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरा आणि दुसऱ्या हाताने माशाला हळूच आत हाका. त्याहून सोपं म्हणजे तो गुहेत असताना तोंडावर तळवा धरून अख्खी गुहाच उचला. जाळीत अडकलाच तर ओढाओढ न करता जाळीसकट पाण्यात सोडा, तो शांत झाला की काटे मिटतो. नाहीच सुटला तर कात्रीने जाळी कापा.

आणि इतकी पिल्लं झाली तर?

वर्षभरात एकच जोडी शे-दोनशे पिल्लं देऊ शकते. 'नदीत सोडू, तीही जगतील' हा विचार मनातही आणू नका. टेरिगोप्लिक्थिस सकर असेच सोडले गेले आणि आज कित्येक देशांच्या नद्या-तलावांत ते माजलेत, काठ पोखरतात, मच्छीमारांच्या जाळ्यांत खाण्याच्या माशांऐवजी तेच भरतात. आधी घेणारे ठरवा, मग गुहा ठेवा. घेणारे नसतील तर गुहा काढून घ्या. तरीही लाकडाच्या एखाद्या पोकळीत, फिल्टरच्या पाइपमागे शेपटी हलताना दिसली तर समजा, त्याने स्वतःचं घर शोधलंय. अशा वेळी मी लाकूड उलटं करून ठेवतो. आमच्या नराने एकदा त्यावरही तोड काढली होती: हीटरचं प्लास्टिकचं कवच.